पन्नासाव्या कपानंतर

माझी आत्या चिनीमातीच्या कारखान्यात साचे करायची. तिथे तिला सगळे साचेबाई म्हणत. बरण्या, बश्या, साबणदाण्या, बेसिनं, काय वाटेल ते तिच्या हाताखालून गेलं होतं. "तुझ्या आत्याच्या कृपेने अर्धं जग तोंड धुतं," असं बाबा म्हणायचे. त्यावर आत्या म्हणायची, "धुऊ दे की. पारोसं राहण्यापेक्षा बरं."

काम सांगायला सोपं आहे. आधी वस्तूचा नमुना घडवायचा, त्यावर प्लॅस्टर ओतून साचा काढायचा. त्या साच्यात पातळ माती ओतली की प्लॅस्टर पाणी पिऊन घेतं आणि कडेने मातीचा थर धरतो. उरलेली माती ओतून टाकायची, साचा उघडायचा, आत कप तयार. शंभरेक कप काढले की साचा झिजतो, पण नमुना कपाटात असतो. त्यावरून पुन्हा साचा, पुन्हा शंभर. म्हणजे आत्याचा हात वस्तूला एकदाच लागायचा. नमुना मनासारखा झाला की ती त्याच्या बुडाला अंगठ्याचं नख दाबायची. चंद्रकोरीसारखी खूण. 'झालं', एवढाच तिचा अर्थ. मग साच्यातून ती खूण प्रत्येक कपावर जायची, पण कप उलटा करून कोण बघतो?

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. चाळीस थरांचं कापड एका दमात कापायचे आणि वरच्या तुकड्यात नि खालच्या तुकड्यात केसाचा फरक निघायचा नाही. बावन्नाव्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, मग डावा. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. नोकरी गेली, ते त्यांनी सोसलं. चहा मात्र सोसवेना. कप तोंडाशी जाईपर्यंत निम्मा सदऱ्यावर. आत्या धरायला गेली की मान फिरवायचे. "मी काय तान्हा आहे?" म्हणायचे. शेवटी त्यांनी चहाच सोडला. पित्त होतं असं कारण सांगितलं.

आत्याने त्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत बसून एक कप घडवला. अकरा आठवडे लागले. रोज घरी ओल्या मातीचा गोळा आणायची, आतोबांच्या हातात द्यायची, "धरा" म्हणायची आणि त्यांची बोटं कुठे रुततात ते बघायची. कपाला दोन कान केले. कानांची जागा मध्यापेक्षा जरा खाली, म्हणजे मनगट उचलावं लागू नये. प्रत्येक कानात तीन बोटं जातील एवढी पोकळी. बूड जड, काठ आतल्या बाजूला किंचित वळलेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कान नंतर चिकटवलेले नाहीत. कप आणि कान एकाच साच्यात, एकाच मातीचे, आणि कान जिथे अंगाला मिळतो तिथे जाड. थरथरणारा हात वस्तू वर उचलत नाही, आडवी ओढतो, हे तिला बघून बघून कळलं होतं. त्यासाठी साचा चार तुकड्यांचा झाला. "कपाला चार तुकडे?" मुकादम म्हणाला. "साचेबाई, हत्ती घडवताय का?"

बाबांनी कप बघितला आणि म्हणाले, "याला दुकानी कप म्हणा. कान दोन, आणि कुठल्याच दुकानात मिळत नाही."

आतोबा त्या दिवशी तीन कप चहा प्यायले. सदरा कोरडा राहिला. पित्ताचं कोणी काही काढलं नाही.

थोरल्या मालकांनी तो कप आत्याच्या टेबलावर बघितला, हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला, आणि हॉस्पिटलसाठी चार डझन काढायला सांगितले. हॉस्पिटलने आणखी मागवले. मग दुसरी हॉस्पिटलं, वृद्धाश्रम, मग दुकानं. दुकानी कप खरोखरच दुकानात आला. दोन वर्षांत त्याच्यासाठी वेगळी भट्टी लागायला लागली. कोणी कसला कागद केला नाही, कुठे नोंद केली नाही. आत्याने मागितलं नाही, मालकांना सुचलं नाही. ती रुग्णांना भेटायला कधी हॉस्पिटलात गेली की वॉर्डात सहज नजर टाकून यायची. तेवढं तिला पुरायचं.

पुढे मालक गेले. मुलांनी कारखाना एका मोठ्या कंपनीला दिला. कंपनीने भट्ट्या बंद केल्या, नमुन्यांचं कपाट ट्रकमध्ये घातलं आणि माल दुसरीकडे काढायला सुरुवात केली. आत्या तोवर निवृत्त झाली होती. घरात जुने कप होते. एकेक करत फुटले. चौदा वर्षांनी शेवटचा उरला होता, तो घासताना माझ्या हातून सुटला.

मी पाणीपट्टीच्या ऑफिसात कारकून आहे, आणि लग्न केलं नाही म्हणून आत्याच्या वरच्या मजल्यावर राहते. त्याच संध्याकाळी दुकानातून नवा आणला. खोक्यावर छापलं होतं, 'थरथरत्या हातांसाठी खास'. बाहेरून तोच कप. आत्याने हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

"हलका आहे," ती म्हणाली. मग उलटा केला. बुडाला नखाची खूण होती, पण आता मोठी, निळ्या रंगात, शोभेची. मग तिने कानात बोटं घातली. दोनच गेली. "खोक्यात एकावर एक बसावेत म्हणून कान आत घेतलेत. आणि हे बघ, चिकटवलेत. इथे सांधा दिसतो." तिने नखाने तो सांधा मला दाखवला. मला काही दिसला नाही. "ह्यांना देऊ नकोस हा. मी बघते काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोळ्या आणायला गेली होती. आतोबांनी चहा मागितला. मी म्हटलं, आत्या येऊ दे. ते म्हणाले, "कप आणलायस ना? मग?" मी चहा ओतून दिला. मीच दिला.

त्यांनी दोन घोट घेतले. तिसऱ्याला डावा कान निघून आला. सगळा चहा पोटावर आणि मांडीवर. ते ओरडले नाहीत. दोन बोटांत तो तुटका कान धरून तसेच बसून राहिले, आणि मी पाणी आणेपर्यंत त्यांचा हात थरथरत होता, कान हातातच. सहा आठवडे पट्ट्या चालल्या. कातडी भरून आली, पण त्यानंतर त्यांनी कुठलाच कप हातात घेतला नाही. आत्याने समोर धरला तरी हात मांडीखाली घालून बसायचे.

आत्या मला एकदाही काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिने कंपनीला पत्र लिहिलं. मी टाइप केलं. पत्र लहान होतं: हा कप मी घडवलेला आहे, त्याचे कान पूर्वीसारखे करा, करायचे नसतील तर बुडाची खूण काढा, ती माझी आहे. महिन्याभराने उत्तर आलं. आमच्या उत्पादनात रस घेतल्याबद्दल आभार, उत्पादन सर्व चाचण्यांत उतरलेले आहे, सोबत भेट पाठवत आहोत. भेट म्हणून सहा कप होते. तेच.

"निदान वाचलं असतं," आत्या म्हणाली आणि खोकं जिन्याखाली ठेवून दिलं.

ऑफिसातल्या एकीच्या ओळखीने आम्ही वकीलबाईंकडे गेलो. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, फायलींच्या गठ्ठ्यांमुळे खिडकी अर्धीच उघडायची. बाई पन्नाशीच्या, बोलायला सरळ. त्यांनी तुटका कप, जुन्या कपाचे मी उचलून ठेवलेले तुकडे आणि खोकं, सगळं बघितलं.

"भाजल्याची भरपाई मागता आली असती," त्या म्हणाल्या, "पण हे वाचा." खोक्याच्या तळाला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'केवळ कोमट पेयांसाठी'. "तरी लढता येईल. वेळ लागेल."

"मला भरपाई नको," आत्या म्हणाली. "भरपाईने कान जाड होणार आहेत का? कप माझा आहे. त्यांनी तो बिघडवला. आणि वर माझी खूण ठेवली. म्हणजे बघणाऱ्याला वाटणार, हिनेच असा केला."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "कायद्यात असा हक्क आहे, बाई. एखाद्या मूर्तिकाराने पुतळा केला आणि विकला. घेणाऱ्याने पुढे त्याचं नाक तोडलं, तर मूर्तिकार कोर्टात जाऊ शकतो. पुतळा विकला तरी जाऊ शकतो. तो हक्क विकला जात नाही, माणसाबरोबर राहतो."

आत्या खुर्चीत पुढे सरकली. "मग हेच तर. कंपनीने कान तोडले."

"पण तो पुतळा आहे. हा कप आहे."

आत्या टेबलावरच्या तुटक्या कपाकडे बघू लागली.

"वापरायची वस्तू कारखान्यात पन्नासहून जास्त काढली," वकीलबाई सांगू लागल्या, "आणि तिच्या आकाराची वेळेवर नोंदणी केलेली नसली, की लेखकाला, चित्रकाराला जे संरक्षण मिळतं ते संपतं. नावाचा हक्क, मोडतोडीविरुद्धचा हक्क, सगळं त्याच्याच पाठीवर बसलेलं असतं. घोडा गेला की स्वारही गेला. आणि नोंदणी केली असती तरी ती कारखान्याच्या नावाने झाली असती, आणि एव्हाना तिची मुदतही संपली असती."

"पहिली खेप अठ्ठेचाळीसची होती," आत्या म्हणाली. "एक घरी होता. एकोणपन्नास."

"मग तिथे थांबायला हवं होतं."

"हॉस्पिटलला आणखी हवे होते."

"हो," वकीलबाई म्हणाल्या.

"पन्नासच का पण?"

"कुठेतरी रेघ मारावी लागते. नाहीतर उद्या बादलीवाला, खिळेवाला, सगळेच येतील. प्रत्येक वस्तू कोणीतरी घडवलेलीच असते ना."

आत्याला हे पटलं, हे मला दिसलं. तेच वाईट होतं. ती भांडायला आली होती आणि समोरच्याचं म्हणणं तिला कळत होतं.

निघताना वकीलबाईंनी एक वाट सांगितली. बारीक आहे म्हणाल्या. हा कप मुळात शिल्प आहे, उपयोग त्यात ओघाने आला, असं दाखवता आलं तर काही बोलता येईल. "घडवताना तुमच्या मनात आकार होता, रेषा होती. चहाचा विचार नंतर आला. असं तुम्हाला उभं राहून सांगावं लागेल. जमेल?"

"जमवते," आत्या म्हणाली.

प्रतिज्ञापत्र मी टाइप केलं. 'दोन्ही बाजूंच्या वळणांतून समतोलाचा भाव व्यक्त करण्याचा माझा हेतू होता', असली वाक्यं. आत्या भाजी निवडता निवडता ती पाठ करायची. शाळकरी मुलीसारखी अडखळायची. एक दिवस पलंगावरून आतोबा म्हणाले, "म्हणजे मी त्यातून प्यायलो ते चुकून?"

आत्या हसली. मग निवडलेली भाजी आणि देठं एकत्र करून बसली, तिला कळलंच नाही.

तारखा पडत गेल्या. दोन वर्षं आणि चार महिने. या काळात आतोबांची मान ताठ झाली, बोलणं पुटपुटल्यासारखं झालं. चहा आता चमच्याने.

साक्षीचा दिवस आला तेव्हा कोर्टाची खोली आमच्या ऑफिसच्या रेकॉर्ड रूमएवढीच निघाली. टेबलावर दोन कप, एक आमच्या तुकड्यांतून चिकटवलेला जुना, एक नवा, आणि दोन्हींच्या कानांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधलेल्या. न्यायाधीश वयस्क गृहस्थ होते. कंपनीचा वकील तरुण, फार नम्र. त्याने आत्याला आधी खुर्ची द्यायला लावली.

"बाई, हा जुना कप तुम्ही घडवलात. उत्तम काम आहे. मला यातलं काही कळत नाही, जरा समजावून सांगा. याचं बूड इतकं जड का?"

आत्याने आमच्या वकीलबाईंकडे बघितलं. मग कपाकडे. "समतोलाचा भाव," तिने सुरुवात केली, आणि थांबली. "जड असलं की हाताचा कंप वर पोचेपर्यंत मरतो," ती म्हणाली.

"अच्छा. आणि काठ आत का वळवलाय?"

"हिसका बसला तरी थेंब आत परततो. इथे बघा, बोट फिरवून बघा. एका जागी जास्त वळवला असता तर ओठाला टोचला असता. हा काठ मी नऊ वेळा केला."

"आणि कान दोन?"

"एका हाताने धरवत नाही ना, म्हणून."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मी आत्याकडे बघून नको नको म्हणून मान हलवत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. तीस वर्षं तिने साचे केले, आणि तिच्या कामाबद्दल तिला कोणी कधी काही विचारलं नव्हतं. आता समोर एक माणूस एकेक प्रश्न विचारत होता, दुसरा लिहून घेत होता, तिसरा उंच खुर्चीवरून वाकून ऐकत होता. ती सांगत गेली. बोटांची जागा, मनगटाचा कोन, कानाच्या मुळाची जाडी, ओल्या मातीचे गोळे. तिने हवेत हात धरून थरथर कशी आडवी जाते ते दाखवलं. आवाज स्वच्छ लागला होता. कारखाना सुटल्यापासून मी तिला इतकं खूश बघितलं नव्हतं.

"म्हणजे या कपात नुसतं शोभेसाठी असं काहीच नाही?" तरुण वकिलाने हळूच विचारलं.

"शोभेला कशाला जागा घालवू?" आत्या म्हणाली. "ह्यांना चहा प्यायचा होता."

न्यायाधीश म्हणाले, "फार छान सांगितलंत, बाई," आणि त्यांना ते मनापासून म्हणायचं होतं.

जिन्यात आत्या मला म्हणाली, "घालवलं ना मी?"

"हो."

"खोटं बोलायला गेले तर कान डोळ्यांसमोर यायचा." मग दोन पायऱ्या उतरून, "वकीलबाईंना सांग, माझं चुकलं."

निकाल चार पानी होता. वस्तूचे प्रत्येक वैशिष्ट्य उपयोगासाठीच असल्याचे वादीने स्वतः सविस्तर मान्य केले आहे; वादीच्या कौशल्याबद्दल न्यायालयास आदर आहे; दावा फेटाळण्यात येत आहे. खुणेबद्दल एकच ओळ होती. ती साच्याचा भाग असल्याने कंपनीची आहे.

वकीलबाई अपिलाचं बोलल्या, पण त्यांच्याच आवाजात जोर नव्हता. मुदत नव्वद दिवसांची होती. ती गेली.

पुढच्या महिन्यात आत्या हॉस्पिटलात गेली, जिथे पहिले चार डझन गेले होते तिथे. मी बरोबर होते. वॉर्डात नवे कप होते, साठ-सत्तर. तिने सिस्टरला सांधा दाखवला. सिस्टर म्हणाली, "माहितीये आजी, आठवड्याला एखादा तुटतो. आम्ही चहा गार करूनच देतो. वरून येतात, आम्ही काय करणार?" आत्याने पिशवीतून कानस काढली आणि धुऊन पालथ्या घातलेल्या कपांपैकी एक घेऊन बुडाची खूण घासायला लागली. वरची चकाकी फार टणक असते. दहा मिनिटांत जेमतेम टोक पुसलं गेलं आणि कडेचा टवका उडाला. सिस्टरने हळूच तिचा हात धरला. "आजी, नका. हॉस्पिटलची वस्तू आहे. मोडतोड केली तर मला लिहून द्यावं लागतं."

आत्याने कप तसाच पालथा ठेवला, सॉरी म्हणाली, कानस पिशवीत टाकली. पलीकडच्या खाटेवर एक बाई दोन्ही हातांनी तोच कप धरून काहीतरी पीत होती. आम्ही तिचं पिऊन होईपर्यंत उभ्या राहिलो. काही झालं नाही.

घरी येताना मी म्हटलं, गावाबाहेर एकाकडे छोटी भट्टी आहे, त्याला विचारते. तू पुन्हा एक कर. एकच कर, आतोबांपुरता.

"एकच केला तर कायदा अगदी पाठीशी उभा राहील," ती म्हणाली. तिला विनोद करायचा होता, पण तो नीट उतरला नाही. थोडं चालून ती म्हणाली, "आता ह्यांचा हात मिटतच नाही गं. कशावर करू?"

दुपारी चारला ती चहा करते. बशीत ओततो आम्ही, म्हणजे लवकर निवतो. मी आतोबांना उशी लावून बसवते, ती समोर स्टुलावर बसते आणि चमचा चमचा देते. बशीभर चहाला पंचवीस मिनिटं लागतात. मध्ये थांबावं लागतं, त्यांना गिळायला वेळ लागतो.

परवा ते काहीतरी पुटपुटले. आत्याने कान जवळ नेला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"गार झालाय म्हणतात."

मी बशी घ्यायला हात पुढे केला, गरम करून आणते म्हटलं. तिने नको म्हणून मान हलवली आणि पुढचा चमचा भरला.